कोणत्या कंपनीचं मशीन जास्त टिकतं?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या पॉवर टूल दुरुस्तीच्या एखाद्या गाळ्यात डोकावलं, तर टेबलावर पोट उघडून ठेवलेली ग्राइंडर, ड्रिल आणि मार्बल कटर दिसतात. त्यातली निम्मी एकाच कंपनीची असली की बघणारा लगेच निकाल देतो, ‘ही कंपनी आता पहिल्यासारखी राहिली नाही.’ रबाळे-महापेचे फॅब्रिकेटर असोत, नाहीतर घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये फर्निचरची कामं घेणारे सुतार. याबाबत प्रत्येकाचं मत ठाम असतं आणि बहुतेक वेळा ते अशाच टेबलावरून बनलेलं असतं.

टेबलावर दिसतो तो फक्त अंश. छेद दिसत नाही. समजा, परिसरात ‘अ’ कंपनीची १००० ग्राइंडर चालू आहेत आणि ‘ब’ कंपनीची १००. वर्षभरात ‘अ’ची ६० बिघडली, ‘ब’ची १५. टेबलावर ‘अ’ची गर्दी चौपट, पण बिघाडाचं प्रमाण ‘अ’चं ६ टक्के आणि ‘ब’चं १५ टक्के. त्यातही एक गोम आहे. ज्याचे पार्ट सहज मिळतात तेच मशीन दुरुस्तीला येतं. स्वस्तातलं बिननावाचं ग्राइंडर जळलं की थेट भंगारात जातं. ते टेबलावर कधी येतच नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल वाईट बोलायलाही कुणी उरत नाही.

याच्या उलट बाजूला असतो ‘माझ्याकडची दहाही मशिनं वर्षभर चालली, एकदाही उघडली नाहीत’ म्हणणारा ठेकेदार. तो खोटं बोलत नसतो, पण त्याच्या अनुभवातून फारसं काही सिद्ध होत नाही. प्रत्येक मशीन वर्षात बिघडण्याची शक्यता २६ टक्के असली, तरी दहाच्या दहा धडधाकट राहण्याची शक्यता सुमारे ५ टक्के उरतेच. म्हणजे मशीन उत्तम असू शकतं किंवा चारातलं एक बिघडणाऱ्या जातीचंही असू शकतं. शंभर मशिनं वर्षभर बिनतक्रार चालली, तर मात्र त्याच हिशेबाने बिघाडाची कमाल शक्यता २६ वरून ३ टक्क्यांवर येते.

बरं, बिघाड म्हणायचं कशाला? प्लगवर चालणाऱ्या बहुतेक ड्रिल-ग्राइंडरमध्ये युनिव्हर्सल मोटर असते. आर्मेचरला, म्हणजे मोटरच्या फिरत्या गाभ्याला, वीज पोहोचवायचं काम दोन कार्बन ब्रश करतात आणि घासून घासून ते झिजतात, झिजायलाच हवेत. बऱ्याच व्यावसायिक मॉडेलमध्ये कार्बन ठरावीक लांबीपर्यंत आला की आतली स्प्रिंगवाली पिन त्याचा संपर्क तोडते आणि मशीन थांबतं. कारागीर म्हणतो, ‘बंद पडलं.’ स्वस्त मशिनात ही सोय नसेल तर ते ठिणग्या उडवत पुढेही चालतं आणि शेवटी कॉम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात ते आर्मेचरवरचं तांब्याचं कडं, खाऊन टाकतं. पहिल्याला कार्बनची नवी जोडी पुरते, दुसऱ्याचं आर्मेचरच जातं. तक्रारवहीत मात्र दोन्ही नोंदी सारख्याच!

विश्वासार्हतेच्या अभ्यासकांनी या गुंत्यासाठी जी हत्यारं शोधली, त्यातलं सर्वात उपयोगी स्वीडिश अभियंता वालोदी वायबुल यांचं. १९५१च्या त्यांच्या प्रसिद्ध शोधनिबंधात पोलादाच्या मजबुतीबरोबर चक्क भारतीय कापसाच्या तंतूंच्या ताकदीचीही आकडेवारी आहे. त्यांच्या सूत्रातला एक अंक बिघाडाचा स्वभाव सांगतो. तो १ पेक्षा कमी आला तर मशिनं सुरुवातीलाच मरतात, म्हणजे जुळणीत किंवा मालात खोट आहे. १च्या आसपास आला तर बिघाड योगायोगाचे. मशीन शिडीवरून पडलं, केबल कापली गेली वगैरे. १ पेक्षा जास्त आला तर तो झिजेचा परिणाम. ही पद्धत अजून चालू असलेल्या मशिनांचे तासही हिशेबात धरते, आणि नेमकं तेच टेबलावर कुणी धरत नाही. वर्षं मोजण्यातही अर्थ नाही. घरात भिंतीला भोकं पाडणारं ड्रिल पाच वर्षांत जेवढे तास चालत नाही, तेवढं टॉवरच्या साइटवरचं ड्रिल एका आठवड्यात चालतं.

आता वापराकडे येऊ. माझ्या मते इथेच कंपन्यांमधला बराचसा फरक पुसला जातो. साइटवर विजेचा बोर्ड एका टोकाला आणि काम दुसऱ्या टोकाला असतं. मधे अर्धा स्क्वेअर एमएमची ५० मीटर एक्स्टेन्शन वायर टाकली, तर जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे ३.९ ओहम होतो. १४०० वॅटचा मार्बल कटर ६ अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे २३० पैकी जवळपास २४ व्होल्ट वायरीतच खर्च होतात. मोटर मंदावते, कारागीर जोर लावतो, करंट वाढतो. आणि थंड करणारा पंखा मोटरच्याच दांड्यावर बसवलेला असल्याने नेमका तेव्हाच तोही मंदावतो. वाइंडिंगच्या, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळ्यांच्या, इन्सुलेशनबद्दल ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य अर्धं. बेअरिंग तर त्याहून नाजूक. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला की आयुष्य एक अष्टमांश उरतं. वर ग्रॅनाइटची धूळ आणि पावसाळ्यात खाडीवरची दमट हवा. अशा साइटवर आर्मेचर जळालं तर दोष कंपनीचा की वायरीचा, हे टेबलावरच्या मशिनाकडे बघून कळत नाही.

शिवाय ‘कंपनी’ ही वस्तू तरी एकजिनसी कुठे असते? बॉशची निळी मशिनं धंदेवाइकांसाठी, हिरवी घरगुती कामासाठी. डिवॉल्ट १९६०मध्ये ब्लॅक अँड डेकरकडे गेली आणि २०१०मध्ये ब्लॅक अँड डेकरच स्टॅन्लेमध्ये मिसळली. जुन्या हिताची कोकीच्या मशिनांचा ब्रँड २०१८मध्ये हायकोकी झाला. तुलना करायची तर मॉडेलची करावी, तीही एकाच वजनगटातल्या.

कारखानदाराला मात्र किती दिवसांनी बिघडतं यापेक्षा किती दिवस बंद राहतं, हे जास्त झोंबतं. समजा, एक ग्राइंडर सरासरी २०० तासांनी बिघडतं, पण पार्ट गल्लीत मिळतो आणि चार तासांत काम सुरू होतं. त्याची उपलब्धता, म्हणजे एकूण वेळेपैकी चालू राहण्याचा वाटा, ९८ टक्के. दुसरं ४०० तास चालतं, पण त्याच्या आर्मेचरसाठी कामाचे १५ दिवस, म्हणजे १२० तास थांबावं लागतं. हे कागदावर दुप्पट टिकाऊ, पण उपलब्धता ७७ टक्के. टिकाऊपणाचा आकडा विचारणारे बरेच असतात. दुकानात उभं राहून ‘याचं आर्मेचर आत्ता स्टॉकमध्ये आहे का?’ असं विचारणारे मोजके.

ब्रशलेस मशिनांनी हा हिशेब पुन्हा फिरवला आहे. त्यात कार्बन नाही, म्हणजे झिजेचं एक मोठं कारण गेलं. पण त्या जागी आला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, बहुतेक वेळा धूळ-ओलाव्यापासून वाचवायला रेझिनमध्ये बुडवून घट्ट केलेला. आर्मेचर रिवाइंड करून देणारा माणूस वागळे इस्टेटमध्ये सापडतो. रेझिनमधला बोर्ड गेला तर तो अख्खा बदलावा लागतो, आणि त्या मॉडेलचा बोर्ड कंपनी आणखी किती वर्षं पुरवणार, हे खोक्यावर छापलेलं नसतं.