बोटं गारठली, तर आधी धड आणि पाय ऊबदार करा

कार्यालयाचं हीटिंग बंद पडलं की पहिली तक्रार येते ती बोटांची. टंकलेखनात चुका वाढतात, माउस नीट फिरत नाही आणि माणूस हातमोजे शोधायला लागतो. हातमोज्यांनी थोडा फरक पडतो, पण मूळ दुखणं तिथे नसतं. बोटं गार पडतात ती बहुतेक वेळा शरीराने त्यांचा रक्तपुरवठा आवळल्यामुळे. हा निर्णय होतो मेंदूत, आणि तो घेताना मेंदू शरीराच्या आतलं तापमान आणि अंगभरच्या त्वचेचा गारवा या दोन्हींचा हिशेब करतो.

बोटांची टोकं, तळहात, तळपाय, कान आणि नाक यांच्या त्वचेत एक खास रचना असते. इतरत्र रक्त धमनीतून केशवाहिन्यांत जातं, पेशींना ऑक्सिजन देतं आणि नीलेतून परततं. इथे केशवाहिन्यांच्या जोडीला धमनी आणि नीला यांना थेट जोडणाऱ्या, जाड स्नायूंच्या भिंतींच्या आखूड वाहिन्या असतात. पेशींचं पोषण हे त्यांचं काम नव्हे. त्या उघडल्या की गरम रक्त भरभरून त्वचेखाली येतं आणि उष्णता बाहेर पडते. केशवाहिनीचा व्यास सुमारे 8 मायक्रोमीटर असतो, तर उघडलेली जोडवाहिनी सहज 40 मायक्रोमीटरची असते. नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार बदलतो. लांबी आणि दाब सारखे धरले तर पाचपट रुंद वाहिनीतून 625 पट रक्त जाईल, आणि व्यास निम्मा झाला तर प्रवाह थेट सोळाव्या हिश्श्यावर येईल. म्हणजे स्नायूंनी जरासं आवळायचा अवकाश, प्रवाह कोसळतो. हे आवळणं सिंपथेटिक (आपल्या इच्छेशिवाय काम करणारे) चेतातंतू नॉरएपिनेफ्रिन नावाचं रसायन सोडून घडवून आणतात. पूर्ण उघडी आणि पूर्ण मिटलेली अशा दोन अवस्थांत बोटांच्या रक्तप्रवाहात शंभरपट फरक पडू शकतो.

ही झडप मिटली की बोट असहाय होतं. त्याला हलवणारे मोठे स्नायू कोपराखालच्या हातात असतात, त्यामुळे बोटात स्वतःची उष्णता जवळजवळ तयार होत नाही. शिवाय ते बारीक, म्हणजे आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग मोठा. हातमोजा फक्त गळती कमी करतो. आतून पुरवठाच नसेल तर मोज्यातलं बोटही हळूहळू गार होत जातं. त्वचेचं तापमान 15 अंश सेल्सियसच्या आसपास उतरलं की हातातली सफाई स्पष्टपणे घटते. धडाला ऊब देणारी विजेवरची बंडी घालून गोठणबिंदूच्या खाली, उघड्या हातांनी केलेल्या प्रयोगांत बोटं बराच वेळ ऊबदार राहिली, ती याच झडपा उघड्या राहिल्यामुळे.

म्हणून सुरुवात पाय, मांड्या आणि कमरेपासून करावी. गार हवा जमिनीलगत साठते, तेव्हा पायांखाली जाड पुठ्ठ्याचे दोन-तीन थर घाला. रबरी पिशवीत दीड लिटर पाणी 60 अंशांवर भरलं, तर ते 35 अंशांपर्यंत उतरताना सुमारे 157 किलोज्यूल उष्णता देतं, म्हणजे दोन तास सरासरी 22 वॅट. पिशवी टॉवेलात गुंडाळून मांडीवर ठेवा. उकळतं पाणी भरू नका, आणि पिशवी एकाच जागी दाबून धरू नका. 45 अंशांचा स्पर्शसुद्धा काही तास राहिला तर त्वचा भाजते. कपडे सैल आणि थरांत असावेत, कारण ऊब धरून ठेवते ती थरांमधली स्थिर हवा. घट्ट बुटात कोंबलेले दोन मोजे हीच हवा पिळून काढतात आणि पायांचं रक्ताभिसरणही दाबतात. बसलेलं शरीर साधारण 100 वॅट उष्णता तयार करतं, सावकाश चालताना जवळपास दुप्पट. दर अर्ध्या तासाला जिना चढून-उतरून आलेलं चांगलं.

खिडकीपासून टेबल दूर हलवा. बाहेर शून्य आणि आत 20 अंश असताना एकेरी काचेची आतली बाजू जेमतेम 5-6 अंशांवर असते. आपली त्वचा त्या काचेकडे अवरक्त किरणांनी सतत उष्णता टाकत असते, मधली हवा कितीही ऊबदार असली तरी. काच आणि आपण यांच्यामध्ये नुसता पुठ्ठा किंवा जाड पडदा आला तरी ही गळती बरीच थांबते.

विजेच्या पंखा-हीटरबाबत मात्र सावध राहावं. 2000 वॅटचा हीटर 230 व्होल्टवर 8.7 अँपिअर घेतो. असे दोन एकाच 16 अँपिअरच्या सर्किटवर लावले तर भार मर्यादेबाहेर जातो आणि एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच, पडू शकतो. एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नका, विशेषतः वायर गुंडाळलेली असेल तर. तिची उष्णता आतच कोंडते आणि आवरण वितळतं. पायांपाशी ठेवायचा 60-100 वॅटचा तापपट्टा एका माणसाला पुरतो, आणि तेवढाच भार सर्किट सहज पेलतं.

मेणबत्तीवर मातीची कुंडी उपडी घालून खोली तापवण्याचे व्हिडिओ दर हिवाळ्यात फिरतात. 14 ग्रॅम मेणात सुमारे 600 किलोज्यूल ऊर्जा असते; चार तासांत जळलं तर साधारण 42 वॅट. कुंडी त्यात एका ज्यूलचीही भर घालत नाही. अशा चार मेणबत्त्या मिळून शेजारी बसलेल्या दोन सहकाऱ्यांइतकीही ऊब देत नाहीत, आगीचा धोका मात्र वाढवतात. कोळशाची शेगडी बंद खोलीत आणणं तर जिवावर बेतू शकतं. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि त्याला वासही नसतो. दारूच्या घोटाने ऊब येते हा समजही असाच फसवा: त्वचेतल्या वाहिन्या उघडतात, अंग गरम वाटतं आणि आतली उष्णता वेगाने निघून जाते.

हीटिंग दुरुस्त झाल्यावरही स्वेटर लगेच काढू नका. 50 घनमीटर खोलीतली हवा एका अंशाने तापवायला सुमारे 60 किलोज्यूल पुरतात, पण भिंती, फरशी आणि फर्निचर यांना त्याच्या कित्येक पट ऊर्जा लागते. तापमापक 20 दाखवू लागल्यावरही भिंती काही तास गारच असतात, आणि अंगातली उष्णता त्यांच्याकडे जातच राहते.