गॅमट मोठा म्हणजे रंग खरे, असं नाही

फोटो एडिटिंगसाठी लॅपटॉप घेताना प्रोसेसर आणि रॅमवर तासभर खल होतो. स्क्रीनची पाळी आली की ‘१०० टक्के एसआरजीबी’ (वेबसाठी वापरला जाणारा ठरावीक रंगांचा संच) एवढं वाचून विषय संपतो. रंग अचूक दिसणार, असा त्याचा अर्थ बरेच जण लावतात. तो चुकीचा आहे.

हा आकडा कलर गॅमटचा, म्हणजे स्क्रीनला किती रंग दाखवता येतात याचा. दाखवलेला रंग फाइलमधल्या रंगाशी किती जुळतो, ती अचूकता. ती डेल्टा ई या आकड्यात सांगतात आणि तो जितका कमी तितका चांगला. सरासरी २ च्या आत असेल तर खुशाल काम करावं. वजनकाटा ५० किलोपर्यंत तोलतो हे एक आणि किलोला किलोच दाखवतो का, हे दुसरं.

गॅमटच्या आकड्यांत एक मेख आहे. ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेली स्क्रीन १९५३ सालच्या टीव्हीच्या मापाने मोजलेली असते. एसआरजीबीत ती जेमतेम ६० ते ६५ टक्के भरते. तिच्यावर लाल रंग मलूल दिसतो, म्हणून आपण सॅच्युरेशन वाढवतो आणि तोच फोटो दुसऱ्याच्या फोनवर भडक दिसतो. अशी स्क्रीन एडिटिंगला घेऊच नये.

पी३ हा आणखी एक रंगसंच, त्याचा गॅमट एसआरजीबीपेक्षा साधारण पाव पटीने मोठा. पण कलर मॅनेजमेंट, म्हणजे फाइलमधले रंग स्क्रीनप्रमाणे जुळवून घेण्याची सोय, नसलेल्या ॲपमध्ये साधा एसआरजीबी फोटो पी३ स्क्रीनवर उगाच रसरशीत दिसतो. पाहायला छान, एडिटिंगला घातक! फोटो फक्त वेबवर जाणार असतील तर अचूक एसआरजीबी पुरे. छपाईचं काम असेल तर मात्र हिरव्या-निळ्या छटांसाठी ॲडोबी आरजीबी हा मोठा रंगसंच स्क्रीन किती टक्के दाखवते तेही बघा.

खरेदीच्या वेळी माझा कौल गॅमटला. अचूकता नंतर सुधारता येते: कॅलिब्रेटर स्क्रीनला लावायचा, तो रंग मोजतो, सॉफ्टवेअर त्यावरून प्रोफाइल, म्हणजे त्या स्क्रीनचे रंग कसे दुरुस्त करायचे याची फाइल, बनवतं. जो रंग पॅनेलला दाखवताच येत नाही, तो कॅलिब्रेशनने येत नाही. पॅनेल जुनं होतं तसे रंग सरकतात, म्हणून हे अधूनमधून पुन्हा करावं लागतं. आणि हो, एडिटिंगला बसताना नाइट लाइट बंद ठेवा. तो चालू असेल तर सगळं कॅलिब्रेशन पिवळ्या पडद्याआड जातं.