खान्देशातील वाहतूक नियोजन : लोकमत आणि पर्यावरण

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत महामार्ग, लोहमार्ग, बाह्यवळण रस्ते व एसटीसेवा यांची आखणी होताना स्थानिक लोक जी भूमिका घेतात ती, आणि त्या आखणीचे शेती, पाणी, झाडे व हवेवर होणारे परिणाम, असा या नोंदीचा विषय आहे. रस्ताच नको म्हणणारे गाव खान्देशात शोधूनही सापडायचे नाही. भांडण असते ते रस्ता कोणत्या गटातून (जमिनीच्या क्रमांकित तुकड्यातून) जाणार, पाणी जायची मोरी कुठे पडणार, दुभाजकाला कट कुठे मिळणार आणि कडेचा निंब राहणार की जाणार, यावर. निवेदनांत ‘पर्यावरण’ हा शब्द क्वचितच दिसतो. धूळ, ऊन आणि तुंबलेले पाणी मात्र हमखास असते. तेवढ्यावरून इथल्या लोकांना पर्यावरणाचे काही पडलेले नाही, असे अधिकारीवर्गात अनेकदा मानले जाते. ते खरे नाही.

भूमी आणि मार्ग

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे व सातमाळ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी, अशी या प्रदेशाची ठेवण. त्यामुळे मुख्य मार्ग पूर्व-पश्चिम खोऱ्यातून धावतात. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ (आताचा ५३) सुरतहून नवापूर, धुळे, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर असा नागपूरकडे जातो. उधना-जळगाव लोहमार्गही त्याच दिशेचा. उत्तर-दक्षिण जायचे तर घाट चढण्यावाचून गत्यंतर नाही. मुंबई-आग्रा महामार्ग धुळ्यात या पट्ट्याला छेदतो. ट्रकचालकांसाठी धुळे म्हणजे चारही दिशांचा नाका.

खोऱ्यातली जमीन काळी, कापसाची. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल इतक्या भेगा पडतात. अशा जमिनीवर रस्ता टिकवायचा तर तो जमिनीपासून उचलावा लागतो, म्हणजे मुरमाचा किंवा राखेचा जाड भराव. खान्देशातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ या भरावात आहे. तापीच्या दोन्ही बाजूंचे नाले उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून नदीकडे येतात आणि महामार्ग नेमका त्यांना आडवा जातो. जुना रस्ता जमिनीलगत होता. जोराचा पाऊस आला की पाणी रस्त्यावरून वाहून जाई, तासाभराने वाहतूक सुरू होई. नवा चौपदरी रस्ता माणसाच्या उंचीपेक्षा वर असतो. मोरी अरुंद पडली किंवा नाल्याच्या जुन्या धारेपासून शंभर पावले सरकली, की वरच्या अंगाच्या शेतात पाणी थांबते. कापूस दोन-तीन दिवस पाण्यात उभा राहिला तर पिवळा पडतो, मूळ सडते. ‘मोरी वाढवून द्या’ ही मागणी म्हणूनच महामार्गाकाठच्या गावांच्या निवेदनांत वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकावर आहे. कागदावर ती बांधकामाची तक्रार म्हणून नोंदली जाते. खरे तर पाणलोटाचा इतका नेमका अभ्यास कोणत्याही सल्लागार कंपनीच्या अहवालात सापडणे कठीण.

भरावाला मुरूम लागतो आणि तो टेकड्यांतून येतो. गौण खनिजाचे उत्खनन, रात्रीचे डंपर, मोडलेले शिवाररस्ते हा त्याच साखळीचा पुढचा भाग. रस्ते, नळवाहिन्या अशा लांब पट्ट्याच्या प्रकल्पांसाठी साधी माती काढायला पर्यावरण मंजुरीतून सरसकट सूट देणारी केंद्राची २०२० ची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये रद्द केली. गिरणा नदीतील वाळूची वाहतूक हा तर वेगळ्या नोंदीचा विषय व्हावा. वाळूच्या डंपरने माणूस चिरडला की गाव रस्त्यावर उतरते. भरावाचा दुसरा पदार्थ म्हणजे भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्राची राख. रस्तेबांधणीत अशी राख वापरण्याचे बंधन केंद्राच्या नियमांत आहे, आणि टेकडी पोखरण्यापेक्षा ते बरे. पण उघड्या किंवा फाटक्या ताडपत्रीच्या गाडीतून उडालेली राख केळीच्या पानांवर बसते, तेव्हा शेतकऱ्याला नियमामागचा हेतू समजावून सांगण्यात अर्थ नसतो.

सावलीचा हिशेब

भुसावळ-जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे नवलाचे नाही. अशा ठिकाणी जुन्या रस्त्यांकडेचे निंब, चिंच, वड ही वाहतूक व्यवस्थाच होती: फाट्यावर एसटीची वाट पाहणाऱ्याला, दुचाकी पंक्चर झालेल्याला, लिंबू-पाण्याची गाडी लावणाऱ्याला. चौपदरीकरणात ही झाडे गेली. बदली लागवड झाली ती बरीचशी दुभाजकात, आणि दुभाजकात लावतात कण्हेर. कण्हेर समोरच्या गाडीचा झोत अडवते, कमी पाण्यावर जगते, गुरे तिला तोंड लावत नाहीत. अभियंत्याच्या दृष्टीने उत्तम झाड. पण तिच्याखाली कोणी उभे राहू शकत नाही. कागदावर तोडलेल्यापेक्षा लावलेली झाडे जास्त भरतात, तरी फाट्यावरच्या माणसाच्या डोक्यावर ऊन तसेच. नव्या मार्गांवर निवारा शेड बांधल्या जातात, पण लोखंडी पत्र्याखाली दुपारी दोन वाजता बसून पाहावे.

शहरांत झाड तोडण्यापूर्वी नोटीस देऊन हरकती मागवण्याची सोय महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्ष कायद्यात आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून जुन्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ ठरवले आणि तोडल्यास झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट घातली. महामार्गाची बहुतांश लांबी मात्र ग्रामीण हद्दीत असते आणि हा कायदा तिथे पोचत नाही. शंभर वर्षांची चिंच फाट्यावर उभी असेल तर तिला हे संरक्षण नाही. तीच चिंच महापालिकेच्या वेशीच्या आत असती तर मिळाले असते.

मत कुठे नोंदवायचे?

पर्यावरणीय परिणामांवर लोकांना थेट बोलता येते ते २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेखालच्या जनसुनावणीत. महाराष्ट्रात ती राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी असतो, आणि किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते. पण आहे त्या राष्ट्रीय महामार्गाचे रुंदीकरण १०० किलोमीटरपेक्षा लांब आणि ठरावीक मर्यादेहून जास्त जमीन घेणारे असेल, तरच ते या चौकटीत येते. लोहमार्ग तर अधिसूचनेच्या यादीतच नाहीत.

मग उरते भूसंपादन. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ नुसार आधी जमीन घेण्याच्या इराद्याची अधिसूचना निघते आणि वर्तमानपत्रात गट क्रमांकांची लांबलचक यादी छापून येते. त्यानंतर २१ दिवसांत हितसंबंध असलेल्याने लेखी हरकत द्यायची. सुनावणी घेणारा सक्षम प्राधिकारी बहुधा प्रांताधिकारी. प्रत्यक्षात पारावर कोणीतरी यादी वाचतो, स्वतःचा गट सापडेपर्यंत बोट खाली सरकत जाते, भाऊबंदकीत सातबारा अजून आजोबांच्या नावावर असतो, आणि हरकत लिहून देणारा वकील तालुक्याला. ज्याचा गट यादीत नाही, पण ज्याच्या शेतात उद्या पाणी तुंबणार आहे, त्याची हरकत या चौकटीत बसत नाही. मजूर, गुराखी, फाट्यावरचा चहावाला यांचेही तेच. शिवाय अधिसूचना निघते तोवर आखणी ठरून गेलेली असते. मोबदला हाच मग बोलण्याचा एकमेव विषय उरतो. मुक्ताईनगर तालुक्यात इंदूर-हैदराबाद महामार्गासाठी जमीन जाणाऱ्या शेतकऱ्यांचा लढा दरावर केंद्रित झाला, तो याच रचनेमुळे. त्यावरून शेतकऱ्याला फक्त पैसे हवेत असे शहरात बसून म्हणणे सोपे आहे. पैसे सोडून दुसरे काही विचारलेच जात नाही.

औपचारिक दार बंद असले की लोक रस्त्यावर येतात: निवेदन, उपोषण, रास्ता रोको, ही चढती भाजणी. (निवेदनावर सह्या कमी आणि ते देतानाच्या फोटोत माणसे जास्त, हाही जुना रिवाज.) यातून पदरात काही पडते ते बहुधा कट, भुयारी मार्ग किंवा गतिरोधक. रेल्वेचे फाटक बंद करून बांधलेले अंडरपास पावसाळ्यात तुंबतात आणि मग फाटक होते तेच बरे, असे सूर निघतात.

शहरातून जाणारा महामार्ग

जळगाव शहराच्या मधोमध महामार्ग गेल्याने खोटेनगर, आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली ही नावे अपघातांच्या बातम्यांतून जिल्ह्याला पाठ झाली. ट्रकच्या चाकाशेजारून शाळकरी मुलांच्या सायकली जात. दोन्ही बाजूंना समांतर रस्ते द्या, या मागणीसाठी शहरात प्रदीर्घ आंदोलन झाले. पक्षभेद बाजूला ठेवून लोक एकत्र आल्याचे ते दुर्मीळ उदाहरण. पाळधी-तरसोद बाह्यवळणाने अवजड वाहतूक शहराबाहेर नेण्याची योजना आली, तेव्हा शहराने सुटकेचा श्वास सोडला. किंमत मोजली ती शहराच्या उत्तरेकडील बागायती शिवारांनी. चिखली-तरसोद आणि तरसोद-फागणे टप्प्यांचे काम रखडले त्या काळात खड्डे आणि धूळ यांनी प्रवाशांचा पिच्छा पुरवला.

हवेचे म्हणाल तर जळगावचे नाव राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील, मानके न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत आहे. हा कार्यक्रम २०१९ चा. रस्त्यावरची धूळ आणि वारंवारची खोदाई याकडे लोक बोट दाखवतात, पण स्वतःच्या दुचाकीकडे नाही. अर्थात शहर बससेवाच धड नसलेल्या गावात दुचाकी सोडून जायचे कशाने? ३ ते ४० लाख लोकवस्तीच्या शहरांसाठीची पीएम ई-बस सेवा केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केली, २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव (४.६० लाख) आणि धुळे (३.७६ लाख) दोन्ही त्या निकषात बसतात.

घाट आणि जंगल

चाळीसगावजवळचा कन्नड घाट, म्हणजे औट्रम घाट, गौताळा औट्रमघाट अभयारण्यातून जातो. ऑगस्ट २०२१ च्या अतिवृष्टीत तिथे दरडी कोसळल्या, गाड्या अडकल्या. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने घाटातून अवजड वाहनांना बंदी झाली. तासन्‌तास कोंडीत अडकणाऱ्या प्रवाशांना ती हवीच होती. ट्रकवाल्यांना लांबचा फेरा पडला. घाटातला धूर कमी झाला तरी वळसा घेणाऱ्या ट्रकचे डिझेल दुसऱ्या गावांच्या हवेत जळते. बोगद्याची मागणी जुनी आहे.

सातपुड्यात प्रश्न उलटा आहे. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील कित्येक पाड्यांवरून आजही रुग्णाला बांबूच्या झोळीतून खांद्यावर खाली आणावे लागते. सरदार सरोवराच्या फुगवट्याने नर्मदाकाठची ३३ गावे बाधित झाली आणि तिथे होडी हेच वाहन उरले. म्हणून तरंगता दवाखाना सुरू झाला. चांदसैली घाटात दरड आली की धडगावकडची ये-जा खोळंबते. इथे रस्ता ‘जोयजे’, म्हणजे हवाच, यावर दुमत नाही. वनहक्क कायदा, २००६ ने ग्रामसभेच्या शिफारशीवर रस्त्यासाठी वनजमीन देण्याची सोय केली आहे: प्रत्येक प्रकरणी १ हेक्टरपेक्षा कमी जमीन आणि हेक्टरी ७५ पर्यंत झाडे. ५ मीटर रुंदी धरली तर हेक्टरभरात जेमतेम २ किलोमीटर रस्ता होतो, आणि पाडा असतो त्याहून लांब. वरच्या डोंगरात ग्रामसभेच्या ठरावाशिवाय पान हलत नाही, खाली खोऱ्यात शेकडो झाडे ठरावाशिवाय पडतात. नियमांची ही विषम वाटणी आदिवासी कार्यकर्ते नेमकी दाखवतात. पूर्वेला मुक्ताईनगरजवळच्या मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्रात वाघाचा वावर आहे. तिथे वन्यप्राण्यांसाठी भुयारी मार्ग हवेत ही मागणी मात्र मूठभर निसर्गप्रेमींपुरती राहिली आहे.

रेल्वे

रेल्वेबद्दल खान्देशात आपुलकी आहे आणि तीमागे केळी आहे. रावेर, सावदा, निंभोऱ्याहून दिल्लीकडे केळीचे डबे जात. ट्रक दारात येतो म्हणून माल रस्त्यावर गेला. २०२० मध्ये सुरू झालेल्या किसान रेलने भाड्यात ५० टक्के सवलत देऊन तो काही काळ रुळांवर आणला.

मनमाड-इंदूर मार्गाची मागणी धुळेकरांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. २ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरचा, १८,०३६ कोटी रुपयांचा हा मार्ग मंजूर केला. त्यामुळे १३८ कोटी किलो कार्बन डायऑक्साइड कमी होईल, म्हणजे साडेपाच कोटी झाडे लावल्यासारखे होईल, असे सरकारने सांगितले. मार्गात कापल्या जाणाऱ्या झाडांचा, विहिरींचा आणि दुभंगणाऱ्या शेतांचा आकडा त्याच पानावर नव्हता. रेल्वे ट्रकपेक्षा स्वच्छ आहे हे खरेच. प्रश्न असा की, शेत दोन तुकड्यांत कापले गेल्यावर पलीकडच्या तुकड्यात बैल कसे न्यायचे.

दुसऱ्या टोकाला पाचोरा-जामनेर. शेंदुर्णी, पहूरमार्गे धावणारी ५६ किलोमीटरची ‘पीजे’ ही छोटी गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. ब्रॉडगेज आणि पुढे बोदवडपर्यंत विस्तार मंजूर झाला आहे. गाडी चालू ठेवा म्हणून लोकांनी आंदोलने केली, पण त्यात गाडीच्या वेगाचे गाऱ्हाणे नव्हते. कमी तिकिटात भाजीची पाटी घेऊन जाता येते, एवढेच म्हणणे होते. ती पाटी आता काळी-पिवळीच्या टपावर किंवा ॲपे रिक्षाच्या मागच्या दांडीला बांधून जाते.