बी सगळीकडे, वाफसा कुठे?

शिळी भाकरी दुरडीत झाकून विसरली, की चार दिवसांनी तिच्यावर कापसासारखी लव दिसते. आधी पांढरी, मग करडी. करडी झाली म्हणजे बीजाणू धरले. पदर झटकला तरी ते हवेत उडतात. रायझोपस ही अशाच बुरश्यांपैकी एक. उकिरड्यात, ओल लागलेल्या कडब्याच्या गंजीत ती असतेच. तिचे बीजाणू आपण श्वासावाटे सतत घेतो, आणि काही होत नाही.

मग 2021 च्या उन्हाळ्यात असं काय झालं, की कोरोनातून उठलेल्या माणसाचा एकाच बाजूचा गाल सुजावा, दात हलावेत, नाकातून काळपट पाणी यावं? जूनअखेर देशात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे रायझोपससारख्या बुरश्यांमुळे होणाऱ्या आणि 'काळी बुरशी' म्हणून गाजलेल्या आजाराचे, 40,845 रुग्ण नोंदले गेले होते. त्यातले सुमारे 64 टक्के मधुमेही, आणि निम्म्याहून अधिक जणांनी स्टेरॉइड घेतलेलं.

जालना-परभणीकडच्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. नुसतं बी पडून उगवत नाही, वाफसा, म्हणजे जमिनीत बेताची ओल, लागतो. शुगर वाढलेली असली की बुरशीला गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात. ती फारच चढून रक्त आम्ल झालं, तर प्रथिनांनी बांधून ठेवलेलं लोह सुटं होतं. रायझोपसला ते खतासारखं लागू पडतं. त्यात स्टेरॉइड प्रतिकारशक्तीही दाबतं आणि शुगरही चढवतं. कोरोना स्वतःही काहींची शुगर वाढवत होताच.

स्टेरॉइडला सरसकट शिव्या घालण्यात अर्थ नाही. ऑक्सिजन लागलेल्यांना रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, जास्तीत जास्त 10 दिवस दिल्याने मृत्यू कमी झाले, हे ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत 2020 मध्येच दिसलं होतं. ऑक्सिजन न लागलेल्यांना मात्र फायदा दिसला नाही. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवरची चिठ्ठी मेडिकलवर दाखवून तापाच्या पहिल्याच दिवशी गोळ्या सुरू! आमच्या शेजारचे काका म्हणायचे, "मला कुठं शुगर हाय?" त्यांनी ती कधी तपासलीच नव्हती. कोरोनातून घरी आल्यावर आठव्या दिवशी मशीनने 412 दाखवली.

बुरशी काळी नसते, बरं का. ती रक्तवाहिन्यांत शिरते, गुठळ्या होतात, पुढचं मांस रक्तावाचून मरतं आणि काळं पडतं. जिथे रक्त पोचत नाही, तिथे बुरशी मारणारं अ‍ॅम्फोटेरिसिनचं इंजेक्शन तरी कसं पोचणार? म्हणून मेलेला भाग कापून काढावा लागतो.

काकांचा वरचा अर्धा जबडा गेला, डोळा वाचला. आता भाकरी दुधात कुस्करून खातात. त्याआधी बोटाला टोचून शुगर बघतात.