टीम लीडच्या ट्रेनिंगमध्ये मेंदू कुठून आला?

परवा ऐरोलीच्या एका आयटी पार्कात टीम लीड मंडळींचं दिवसभराचं ट्रेनिंग झालं. टेबलावर प्लास्टिकचा मेंदू ठेवला होता, भाग सुटे करून हातात घेता येतील असा. ट्रेनरनी आतून बोटाच्या पेराएवढा लाल तुकडा काढून दाखवला. हा अमिग्डाला. ग्रीकमध्ये याचा अर्थ बदाम. तुम्ही टीमवर ओरडलात की समोरच्याचा हा बदाम पेटतो आणि त्याचा विचार बंद पडतो, असं ते म्हणाले. मागून कोणीतरी पुटपुटलं, आमची आई तर बुद्धी वाढावी म्हणून बदाम भिजत घालायची.

मला ठाणेकर म्हणून वेगळंच हसू आलं. आमच्या गावात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे आणि ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा ऐकतच आम्ही मोठे झालो. आता धडधाकट साहेबांच्या डोक्याची उस्तवार ठाणे-बेलापूर रोडवरच्या एसी हॉलमध्ये होते, तीही कंपनीच्या खर्चाने. हे प्रकरण सुरू कुठून झालं, ते जरा मागे जाऊन पाहू.

योगायोग असा, की यातला पहिला गाजलेला मेंदू एका फोरमनचाच. १३ सप्टेंबर १८४८. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये रेल्वेमार्गासाठी खडक फोडायचं काम चाललं होतं. (आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावायला अजून साडेचार वर्षं होती.) फिनिअस गेज हा २५ वर्षांचा फोरमन सुरुंगाच्या भोकात पहारीने दारू ठासत होता. ठिणगी पडली. साडेतीन फुटांहून लांब, सहा किलो वजनाची ती पहार गालाच्या हाडाखालून शिरून डोक्याच्या वरच्या बाजूने बाहेर पडली. गेज वाचला, इतकंच नाही तर थोड्याच वेळात उठून बोलू लागला. पण ज्या कंत्राटदारांनी त्याला सगळ्यात कामाचा फोरमन मानलं होतं, त्यांनी त्याला त्या जागेवर परत घेतलं नाही. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. जॉन हार्लो यांनी १८६८ मध्ये कारण लिहून ठेवलं आहे : माणूस शिवराळ झाला, हट्टी झाला, बेत आखायचा आणि अर्ध्यावर सोडून द्यायचा. कपाळामागचा मेंदू आणि माणसं सांभाळण्याचं कसब यांचं नातं अभ्यासकांना तिथून दिसायला लागलं.

ट्रेनिंगमध्ये गोष्ट इथेच संपवतात, आणि मला राग येतो तो याचा. पुढे १८५२ मध्ये गेज चिलीला गेला आणि सुमारे सात वर्षं त्याने प्रवासी घोडागाडी हाकली. घोडे जुंपायचे, उतारू घ्यायचे, ठरल्या वाटेने न्यायचे, पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. माल्कम मॅकमिलन या अभ्यासकाने जुने कागद धुंडाळून ही बाजू पुढे आणली. त्यांच्या मते रोजच्या आखीव कामाने गेज बराचसा सावरला असावा. साहेबलोकांना सांगायची गोष्ट ही आहे. पहारीचं चित्र काय, कोणीही दाखवेल.

पुढची पन्नास-साठ वर्षं कारखान्यांना मेंदूचं काही पडलेलं नव्हतं. १९११ मध्ये फ्रेडरिक टेलर यांनी घड्याळ लावून हातांच्या हालचाली मोजण्याचं शास्त्र मांडलं. मग १९२४ ते १९३२ या काळात शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात प्रयोग झाले. टेलिफोनचं सामान बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिकचा तो कारखाना. दिवे वाढवले की काम वाढतं का, एवढंच आधी पाहायचं होतं. नंतर रिले, म्हणजे टेलिफोन यंत्रणेतले विजेवर चालणारे स्विच, जोडणाऱ्या मोजक्या मुलींना वेगळ्या खोलीत बसवून सुट्या, कामाचे तास, पगाराची पद्धत बदलून पाहिली. कोणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय म्हटल्यावर माणूस जास्त काम करतो, हा त्यातून निघालेला निष्कर्ष. मूळ आकडे पुन्हा तपासणाऱ्यांना तो तितकासा पक्का वाटलेला नाही, पण मॅनेजमेंटच्या वर्गात तो अजून खणखणीत चालतो.

१ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढच्या काळात वागळे इस्टेट, मग ठाणे-बेलापूर पट्टा भोंग्यावर चालू लागला. माझे वडील वागळेतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये फोरमन होते. पुढच्या आठवड्याच्या पाळ्यांचा कागद ते शनिवारी दुपारच्या चहाआधी फळ्यावर लावायचे. एकदा मालकाने तो अडवून ठेवला. सोमवारी लेथवर रिजेक्शनचा ढीग पडला. माणसं वाईट नव्हती, पण रविवारभर त्यांना कळत नव्हतं, की मुलाला शाळेत सोडायला आपण घरी असू की मशीनवर. वडील शिव्या मालकाला घालत होते, तेही घरी येऊन.

जिवंत माणसाच्या मेंदूत काय चाललंय ते कवटी न उघडता बघायची मोठी सोय १९९० च्या सुमारास झाली. सेइजी ओगावा यांनी रक्तातल्या प्राणवायूच्या फरकावरून एमआरआयमध्ये मेंदूची हालचाल टिपण्याची वाट दाखवली. ते होते बेल लॅब्जमध्ये, म्हणजे ज्या टेलिफोन घराण्याचा हॉथॉर्न कारखाना, त्याच घराण्याच्या प्रयोगशाळेत. १९९५ मध्ये मानसशास्त्रज्ञ-लेखक डॅनियल गोलमन यांनी ‘अमिग्डाला हायजॅक’ हा शब्द रूढ केला, म्हणजे भावनेच्या भरात अमिग्डालाने विचाराचा ताबा घेणं. २००३ मध्ये नेओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी १३ जणांना स्कॅनरमध्ये झोपवून चेंडू फेकण्याचा कॉम्प्युटर गेम खेळायला लावला. मध्येच त्यांच्याकडे चेंडू येणं बंद झालं. तेव्हा शारीरिक वेदनेशी जोडला जाणारा मेंदूचा एक भाग उजळला. मीटिंगमध्ये डावललं की लागतं, हे आता फोटोसकट सांगता येऊ लागलं.

मग बाजार उघडायला वेळ लागला नाही. २००६ मध्ये डेव्हिड रॉक आणि मानसोपचारतज्ज्ञ जेफ्री श्वार्ट्झ यांनी नेतृत्व आणि मेंदूविज्ञान यांची सांगड घालणारा लेख लिहिला. ‘न्यूरोलीडरशिप’ हा शब्द रॉक यांचाच. २००८ मध्ये त्यांनी ‘स्कार्फ’ हा आराखडा दिला, पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचा : मान, निश्चितता, मोकळीक, आपलेपणा, न्याय. या पाचांतल्या कशालाही धक्का लागला की मेंदू तो धोका समजतो. ऐरोलीतल्या स्लाइड्स मुख्यतः याच्याच होत्या.

आराखडा वाईट नाही, माझ्या मते चांगलाच उपयोगी आहे. पण त्याला ‘विज्ञानाने सिद्ध’ असा शिक्का मारतात तिथे घोटाळा होतो. २००६ मध्येच मेंदूचे अभ्यासक रसेल पोल्ड्रॅक यांनी बजावलं होतं, की अमुक भाग उजळला म्हणून मनात तमुकच चाललंय असं उलटं अनुमान काढू नका. एकच भाग अनेक कामांना लागतो. २००८ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या एका अभ्यासात दिसलं, की चुकीच्या स्पष्टीकरणात मेंदूचा असंबद्ध उल्लेख घुसवला तरी सामान्य वाचकाला ते जास्त पटतं. आणि २००९ चा तो मासा : क्रेग बेनेट यांनी मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि संख्याशास्त्रातली एक आवश्यक दुरुस्ती टाळली तर त्याच्याही मेंदूत ‘हालचाल’ दिसते हे दाखवलं. त्याला २०१२ मध्ये इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस, मिळालं. अमिग्डालावर आयुष्य घालवलेले जोसेफ लेडू हेसुद्धा आता त्याला ‘भीतीचं केंद्र’ म्हणू नका म्हणतात.

ट्रेनरना मी जेवणाच्या सुटीत माशाबद्दल विचारलं. त्यांना ठाऊक होतं. हसून म्हणाले, “अहो, नुसतं ‘टीमला आधी सांगत जा’ म्हटलं तर ऐकतं कोण? मेंदू दाखवला की वही उघडतात.”

दुपारी तीनच्या सुमारास, पडद्यावर ‘निश्चितता’ची स्लाइड असताना, सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजले. सोमवारपासून कॅबच्या वेळा बदलणार होत्या; नव्या वेळा नंतर कळवू, असा निरोप होता. ट्रेनरनी दोन मिनिटं थांबून शंका विचारायला सांगितलं. पहिला हात वर गेला तो कॅबसाठीच.