बदकाच्या पोटातली वस्ती

शेजारच्या आठ महिन्यांच्या बाळाला जुलाब लागले, तेव्हा जिन्यात जमलेल्या सगळ्यांचं निदान एकच होतं: दात येतायत. आजी तर अगदी निर्धास्त. "दात येताना पोट बिघडायचंच, आमच्याही पोरांचं बिघडलं." बाळराजे मांडीवर बसून एक पिवळं रबरी बदक चघळत होते. मी ते हातात घेऊन दाबलं. बुडाच्या भोकातून काळपट पाण्याची चिळकांडी उडाली आणि त्यासोबत काळे कपटेही आले.

आजींचं निरीक्षण चुकीचं नाही, त्यांनी लावलेलं कारण चुकतं. पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास दिसतो. आईकडून वारेतून मिळालेली प्रतिपिंडं (जंतूंशी लढणारी प्रथिनं) साधारण दर तीन आठवड्यांनी निम्मी होत जातात, म्हणजे तीही त्याच सुमारास संपत आलेली असतात. उष्टावण तेव्हाच होतं. रांगणं तेव्हाच सुरू होतं आणि हाताला लागेल ते तोंडात जातं. एवढी सगळी गर्दी असताना नाव मात्र बिचाऱ्या दाताचं होतं. मेलबर्नमधल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात २१ मुलांच्या रोज नोंदी ठेवल्या होत्या; दात फुटण्याचा आणि ताप किंवा जुलाब होण्याचा संबंध त्यात दिसला नाही. लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, बाळ किरकिरतं, हे खरं. पण जुलाब दातांच्या खात्यावर टाकले की जलसंजीवनी द्यायचं आणि डॉक्टरांना गाठायचं लांबणीवर पडतं. गळ्यात बांधलेल्या वेखंडाच्या काळ्या दोऱ्याने तर काहीच थांबत नाही. लाळेने भिजलेला तो दोरा जंतूंना आणखी एक घर देतो, आणि गळ्याला फास बसण्याचा धोका वेगळाच. दात येताना गळ्यात घालायच्या, परदेशातून येणाऱ्या महागड्या अंबरच्या (झाडाच्या अश्मीभूत डिंकाच्या) माळांनाही हेच लागू आहे.

आता बदकाकडे वळू, कारण माझा खरा जीव तिथेच अडकलाय. तो बुळबुळीत थर म्हणजे नुसती घाण नव्हे. ती बांधलेली वस्ती आहे, तिला बायोफिल्म म्हणतात. दुधाची बाटली नीट घासली नाही तर आतून बोटाला जे निसरडं लागतं तेही हेच, आणि सकाळी ब्रश करण्याआधी दातांवर जिभेला जाणवतं तेही हेच.

वस्ती उभी कशी राहते? खेळणं तोंडात गेलं की काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा अतिशय पातळ लेप त्यावर बसतो. हा झाला पाया. त्यावर तरंगत आलेले जीवाणू आधी नुसते टेकतात. त्या वेळी पाण्याच्या जोरदार धारेनेही ते निघू शकतात. मग काही जण आपल्या सूक्ष्म केसांनी पृष्ठभाग घट्ट धरतात. अनेक जातींमध्ये पेशीच्या आत सायक्लिक-डाय-जीएमपी नावाचा एक छोटा रेणू वाढू लागतो. तो वाढला की पोहायची शेपटी बंद पडते आणि चिकट पदार्थ बनवायचे कारखाने सुरू होतात. शर्करांच्या लांब साखळ्या, प्रथिनं आणि चक्क मेलेल्या भाऊबंदांचा डीएनए, असं सगळं कालवून हा गिलावा तयार होतो. गर्दी पुरेशी झाली की नाही हेही ते जोखतात. प्रत्येक जण एक रासायनिक संदेश सोडत असतो. भोवती त्याची तीव्रता वाढली की सगळे मिळून वागणं बदलतात. खोल थरात प्राणवायू आणि अन्न कमी पोचतं, म्हणून तिथले रहिवासी जवळजवळ झोपेत असतात. झोपलेल्याला मारणं अवघड, कारण बरीच औषधं चालू असलेल्या कामातच खोडा घालतात. क्लोरीनचं तर आणखी वाईट. त्याचे रेणू वरच्या गिलाव्याशी झटापट करण्यातच खर्ची पडतात, आतपर्यंत पोचतच नाहीत.

हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं असेल? लेवेनहूक या डच कापडव्यापाऱ्याच्या. १६८३-८४च्या सुमारास स्वतःच्या दातांवरचं किटण घरी बनवलेल्या भिंगाखाली बघताना त्याला वळवळणारे जीव दिसले. त्याने व्हिनेगरने चूळ भरून पाहिली, तर किटणाच्या बाहेरच्या बाजूचे तेवढे मेले, आतले ठणठणीत! सव्वातीनशे वर्षं उलटून गेली, आणि आपण अजून जंतुनाशकाच्या बाटलीवर '९९.९ टक्के' वाचून खूश होतो. एक कोटी जीवाणूंपैकी ९९.९ टक्के मेले, तर दहा हजार उरतात. ई. कोलायसारखा जीवाणू मनासारखं वातावरण मिळालं तर दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. दहा वेळा दुप्पट व्हायला तीन तास वीस मिनिटं लागतात, आणि आकडा पुन्हा एक कोटीवर.

म्हणून घासणं आधी, उकळणं नंतर. उष्णतेला गिलाव्याची अडचण होत नाही हे खरं, पण न घासता उकळलं तर दुधातली प्रथिनं गोठून पातेल्याच्या तळासारखी काचेला धरतात, आणि नव्याने येणाऱ्यांना आयता पाया मिळतो. बाटलीची निपल, झाकणं, कड्या सगळं सुटं करायचं, साबणाच्या कोमट पाण्यात ब्रशने घासायचं, धुवायचं, मग पाच मिनिटं उकळायचं. दोन महिन्यांच्या आतलं किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर उकळणं रोजचं. बाळ मोठं आणि धडधाकट असेल तर नीट घासून वाळवलेलं सहसा पुरतं. वाळवायला मात्र जाळीवर उपडं ठेवा. ओट्यावरच्या फडक्याने पुसलंत तर मघाची सगळी मेहनत त्या फडक्यातल्या मंडळींच्या स्वाधीन केलीत.

आपल्याकडे डॉक्टर बाटलीऐवजी वाटी-चमचा सुचवतात, त्याचं एक कारण हेच: वाटीला लपायला कोपरा नाही. जुन्या चांदीच्या बोंडल्याचं तोंडही उघडंच, फक्त नळीत बारीक ब्रश घालावा लागतो. चांदी जंतू मारते म्हणून नुसतं विसळून ठेवू नका. खेळण्यांचंही तसंच. एकसंध सिलिकॉनची चोखणी सोपी. सावंतवाडीची लाकडी खेळणी भिजत घालू नयेत. ओल्या कपड्याने पुसून लगेच कोरडी करावीत.

भोक असलेलं पोकळ खेळणं मात्र नकोच. स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ साली वापरातली आंघोळीची बदकं कापून पाहिली. आतल्या भिंतीवर दर चौरस सेंटिमीटरला पन्नास लाख ते साडेसात कोटी पेशी होत्या, आणि ६० टक्के बदकांत बुरशीही. त्यांना जेवण कोण घालतं? थोडं आंघोळीचं पाणी, साबण आणि अंगाचा मळ, आणि बरंचसं ते मऊ प्लास्टिक स्वतःच. त्यातून झिरपणारा कार्बन ते खातात.

शेजारचं बदकही मी आजींसमोर कात्रीने उभं चिरलं. आतून ते काळंशार, तकतकीत. त्यांनी चष्मा वर सरकवला, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अगं, हे तर आमच्या गावच्या मोरीतल्या दगडावर असायचं तेच."