पाटी नसलेल्या संस्था

जानेवारी २०२३मध्ये जी-२०च्या, म्हणजे जगातल्या मोठ्या अर्थव्यवस्थांच्या गटाच्या, पायाभूत सुविधा कार्यगटाची बैठक पुण्यात झाली. दुभाजक रंगले, भिंतींवर चित्रं आली. तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "यांचं हेड ऑफिस कुठं असतं रे?" कुठंच नाही, हे त्यांना पटेना. जिथं जिन्याखालच्या चपलांनाही पाटी असते, त्या गावात पटणार कसं!

पण काकू स्वतः भिशी चालवतात. तिची कुठं नोंदणी नाही, घटना नाही. जी-२० याच जातीची. करार नाही, कायम सचिवालय नाही. अध्यक्षपद दरवर्षी फिरतं आणि दफ्तरही त्याच्यामागे. सप्टेंबर २०२३मध्ये दिल्लीत आफ्रिकी महासंघाला सदस्य करून घेतलं ते नुसत्या सहमतीनं. उलट सुरक्षा परिषदेत एक खुर्ची वाढवायची तर संयुक्त राष्ट्रांची सनद बदलावी लागते, आणि त्याला दोन तृतीयांश देशांची, शिवाय पाचही कायम सदस्यांची मंजुरी लागते. कराराविना चालणाऱ्या गटातून काढणंही सोपं: २०१४मध्ये रशियानं क्रिमिया बळकावल्यावर त्याला वगळून श्रीमंत देशांच्या जी-८चं पुन्हा जी-७ झालं.

मात्र सगळ्या भिशा सारख्या नसतात. काळ्या पैशावर नजर ठेवणारं 'एफएटीएफ' १९८९मध्ये जी-७च्या बैठकीतून निघालं. करार इथंही नाही, पण पॅरिसमध्ये सचिवालय आहे, ४० शिफारशी आहेत आणि देश एकमेकांचे हिशेब तपासतात. शिक्षा काय? करड्या यादीत, म्हणजे जादा देखरेखीखालच्या देशांत, नाव. २०१८ ते २०२२ पाकिस्तान तिथं होता. कायद्यानं कुणी हात धरत नाही, पण त्या देशाशी व्यवहार करताना परदेशी बँका बिचकतात. काकूंच्या भाषेत, "एकदा हप्ता थकवला की सगळ्या वाड्यात कळतं."

अणुसाहित्याच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या अणुपुरवठादार गटाची तऱ्हा तिसरीच. तो जन्मला आपल्या १९७४च्या पोखरण चाचणीमुळे. निर्णय सहमतीनं, त्यामुळे एकाचा नकार पुरतो. २०१६मध्ये भारताचा अर्ज चीनच्या विरोधामुळे अडला तो असा. जी-२०चं दार ज्या नियमानं उघडलं, त्याच नियमानं हे बंद राहिलं. माझ्या मते या संस्थांची खरी ओळख इथं होते: कोणाला आत घ्यायचं, हे कोण ठरवतं?

पैसा मोठा झाला की भिशीवाले पतसंस्था काढतात. ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका यांच्यापासून सुरू झालेला ब्रिक्स हा गट आजही कराराविना चालतो, पण बँक काढायची वेळ आली तेव्हा २०१४मध्ये रीतसर करार झाला आणि मुख्यालय शांघायला गेलं. तिथं पाटी आहे.